धडधाकट पेशंट पाहिजेत

८ जानेवारी

दोन्ही मुली आल्या एकदाच्या. कॉलेजनं पाठवतो म्हणून कळवल्यापासून एल्मर झुक दिवसातून दोनदा फोन करून माझं डोकं खात होता. एल्मर म्हणजे आमच्या ब्रेक्टनचा महापौर, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि कर्लिंग क्लबचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबचा, अध्यक्ष. माणसं कमी झाली की पदं अशी एकाच्याच गळ्यात पडतात. नर्सचंही तेच झालंय. या हॉस्पिटलात आम्ही अकरा जणी होतो. आता मी, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी बाहेरगावाहून येणारी एक. वॉर्डातल्या खाटांवर प्लॅस्टिक घालून ठेवलंय. इमर्जन्सी सकाळी उघडते, संध्याकाळी बंद होते. त्यानंतर ज्याला काही व्हायचं असेल त्यानं सास्काटूनच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दम धरायचा, तोही रस्त्यावर बर्फ नसेल तर.

आरोग्य खात्यानं सांगून टाकलंय, जूनपर्यंत एक तरी नवी कायमची नर्स मिळवा, नाहीतर इमर्जन्सीला कुलूप. म्हणून या मुली. शेवटच्या वर्षाच्या आहेत. मी त्यांना शिकवायचं, गावानं त्यांना भुरळ घालायची आणि त्यांनी पदवी घेऊन इथंच राहायचं, असा सगळा बेत आहे.

"कशा आहेत?" एल्मरनं विचारलं. "म्हणजे, राहतील अशा दिसतात का?"

टेसा लिंडक्विस्ट राहिली पाहिजे. काय हात आहे पोरीचा. शीर पहिल्या फटक्यात सापडते, सांगायच्या आत सामान हजर. दुसरी ओडेट फिडलर, उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या कुठल्याशा लहान वस्तीतली. ती पेशंटजवळ खुर्ची ओढून बसली की बसली. बोलत पण नाही. आज मी तिला विचारलं, "काय बघतेस एवढं?" तर म्हणाली, "अजून काही नाही." या वेगानं ही दिवसाला दोन पेशंट करेल.

घरी नवऱ्याला सांगितलं. लॉर्न म्हणाला, "दोन पेशंट तरी आहेत का तुमच्याकडे?"

१५ जानेवारी

नाहीत. सात दिवसांत एक खरचटलेला गुडघा, आणि तोही रस्ता चुकलेल्या पाहुण्याचा.

आमची माणसं हॉस्पिटलात येतच नाहीत. गेल्या सुगीत वॉल्टर बेडनारचं बोट धान्याच्या मशीनमध्ये गेलं, तर त्यानं ट्रक भरून कोठारावर खाली केला, जेवला, आणि मग माझ्या दारात येऊन म्हणाला, "व्हर्ना, तुला वेळ असेल तर बघ, घाई नाही." बोट खिशात होतं. कुणालाही विचारा कसा आहेस, ठीक आहे म्हणणार. माझे वडील मेले तेव्हाही ठीक होते.

मुली कपाटातल्या पट्ट्या पुन्हापुन्हा रचतायत. आज कॉलेजचा फोन आला. पेशंट नसतील तर महिनाअखेरीस दुसरीकडे हलवू म्हणतात. मला एवढा राग आला की जेवताना दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे जायला हवं, पण तो पण मागच्या वर्षी गाव सोडून गेला.

१९ जानेवारी

कर्लिंग क्लबात सभा झाली. एल्मर बर्फाच्या पट्टीवर खोकं ठेवून वर चढला आणि म्हणाला, "मंडळी, गावाला तुमच्या दुखण्यांची गरज आहे. ज्याला जे काही होतंय, ते घेऊन उद्यापासून व्हर्नाकडे या. लपवू नका."

सगळे आपापल्या कॉफीत बघत बसले. मला माहितीये, त्या हॉलमध्ये दोन हर्निया होते, एक मूळव्याध होती आणि काय काय नव्हतं. पण जीव गेला तरी कुणी तोंड उघडेल तर शपथ. लॉर्न छताकडे बघत होता.

शेवटी फ्रीडा श्मिट, ग्रंथालयवाली, हळूच म्हणाली, "खरंच असायला पाहिजे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे नसलेलं दुखणं घेऊन आले तर चालेल का? तसं असेल तर मला काही संकोच नाही."

आणि बघता बघता हात वर. तीसेक तरी होते. मी थक्क झाले. एल्मरनं तिथल्या तिथे आजार वाटले. फ्रीडाला पित्ताशयातले खडे आले तर ती रुसली, कारण तिच्या जावेला पक्षाघात मिळाला होता. वॉल्टरला अपेंडिक्स दिलं. तो म्हणाला, माझं काढलंय. एल्मर म्हणाला, मुलींना काय माहीत.

२७ जानेवारी

इमर्जन्सीत मुंगी शिरायला जागा नाही. कॉलेजला मी खोटं सांगितलं नाही. गर्दी आहे म्हटलं, ती आहेच.

मुलींना पहिल्याच तासात कळलं अर्थात. फ्रीडाचा खडा दोन दिवसांत उजवीकडून डावीकडे गेला. पण टेसानं मनावर घेतलं. शाळेतल्या कवायतीसारखं एकामागून एक करते, चूक शोधून सापडत नाही. ओडेटची तऱ्हा वेगळीच. वॉल्टर अपेंडिक्स घेऊन कण्हत पडला होता, तर ही त्याच्या पोटाला हात न लावता खुर्ची टाकून बसली. कितीतरी वेळ. मग त्याला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. वॉल्टरला कॅलेंडर दिसेना. कुठलं कॅलेंडर, म्हणाला. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. वॉल्टर शाळेची बस चालवतो. आता बस कोण चालवणार? मी ओडेटला म्हटलं, "अगं बाई, तुला अपेंडिक्स दिलं होतं ना?"

"त्याला अपेंडिक्सचं बोलायला लाज वाटत नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मी दुसरं काय ते बघत होते."

याला काय अर्थ आहे?

टेसाकडे लोकांची रीघ लागलीय. कोबीचे रोल, बटाटा भरलेल्या पेरोगी, तीन प्रकारच्या ट्यूना मासा घातलेल्या शेवया. एल्मरनं तिला कर्लिंगच्या संघात घेतलंय, तिनं आयुष्यात दगड ढकलला नसताना. त्याचा पुतण्या डेरिल नवी मळणी मशीन घेऊन हॉस्पिटलसमोरून तीनदा गेला, जानेवारीत. टेसा एकटी किती खाणार, म्हणून डबे माझ्या घरी येतात. पोटाचं पार वाटोळं झालंय. जिना चढले तरी छातीत जळजळतं.

१० फेब्रुवारी

आज एल्मर स्वतः पाठदुखी घेऊन आला. ओडेटनं त्याचे बूट काढायला लावले. पाठदुखीला बूट! एल्मर माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्याचं गुपित फोडलंय. पायाच्या तळव्याला नाण्याएवढी जखम, काळी पडलेली, रक्तातली साखर आकाशाला. किती दिवस आहे म्हणून विचारलं तर म्हणे, दिवाणखान्याला रंग दिला तेव्हापासून. त्याच्या बायकोला विचारलं, रंग गेल्या उन्हाळ्यात दिलाय.

जखम धुऊन, बांधून, गोळ्या चालू करून दिल्या. बरं झालं म्हणायचं. पण त्या भानगडीत सात पेशंट ताटकळले. ओडेटला मी बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "नर्सिंगमध्ये वेग लागतो. तू चांगली मुलगी आहेस, पण तुझ्यानं मोठ्या हॉस्पिटलात निभणार नाही."

ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्हाला बरं वाटतंय का?"

"मला काय झालंय?"

"तुम्ही बोलताना मध्ये थांबता."

"मी विचार करून बोलते," मी म्हटलं. हल्लीच्या मुलींना ते माहीत नसतं.

२२ फेब्रुवारी

दारातलं बर्फ काढलं. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, अशी काही चमक आली की फावडं टाकून बसावं लागलं. लॉर्ननं खिडकीतून बघितलं आणि बाहेर आला. "काय झालं?"

"काही नाही. ठीक आहे."

तो फावडं घेऊन उरलेलं काढायला लागला. म्हातारपण आलं, दुसरं काय. टेसाला आज विचारलं, पदवी झाल्यावर काय बेत. हसून म्हणाली, "इथली माणसं किती प्रेमळ आहेत." म्हणजे अर्धं काम झालं. एल्मरला फोन करून सांगितलं. त्यानं डेरिलला न्हाव्याकडे धाडलं.

९ मार्च, सास्काटून

पडून लिहितेय. अक्षर मांजरानं काढल्यासारखं येतंय, पण झालं ते लिहून ठेवायला हवं, नाहीतर एल्मर आपल्या पद्धतीनं गावभर सांगेल.

गुरुवारी खात्याचे अधिकारी पेनर साहेब आले. इमर्जन्सी खरंच चालते का ते बघायला. एल्मरनं हट्टच धरला होता की त्यांच्यासमोरच्या प्रात्यक्षिकात हृदयविकाराचा झटका तोच घेणार. दुकानात सराव केला होता म्हणे, रंगाच्या डब्यांमध्ये तीनदा पडला. सकाळी दारातच छाती धरून कोसळला. "आई गं," म्हणाला. "अंधार दिसतोय. माझ्या बायकोला सांगा, ट्रक भावाला देऊ नकोस."

टेसा धावली. ऑक्सिजन, बीपी, ईसीजीच्या चकत्या छातीवर, सगळं घड्याळाच्या काट्यासारखं. पेनर साहेब मान डोलावत होते. मी भिंतीला टेकून देखरेख करत होते. दाढ भयंकर ठणकत होती. खोलीत कुणी हीटर वाढवलाय असं वाटत होतं, मला दरदरून घाम फुटला होता.

ओडेट एल्मरकडे बघतच नव्हती. खुर्ची घेऊन माझ्याकडे आली. "बसा."

"मी ठीक आहे."

"आज सकाळपासून तिसऱ्यांदा ठीक आहात," ती म्हणाली आणि खुर्ची माझ्या गुडघ्यामागे अशी सरकवली की मी बसलेच. "कुठे दुखतंय?"

"दाढ."

"आणखी?"

"पाठ. बर्फ काढलं ना."

"आणखी?"

"अगं, कोबीचे रोल जास्त झाले. जा, पेशंट तिकडे आहे."

तिनं माझं मनगट धरलं. मग जी ओरडली ती, दोन महिन्यांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "टेसा, मशीन इकडे!"

मशीन एकच. ते एल्मरला लावलेलं. ओडेटनं त्याच्या छातीवरच्या चकत्या सगळ्या एका दमात ओढून काढल्या. एल्मरच्या छातीवर अस्वलाइतके केस आहेत. तो जो किंचाळला त्यावर पेनर साहेब म्हणाले, "वा, हे अगदी खऱ्यासारखं वाटतं."

मला स्ट्रेचरवर घातलं. कागद बाहेर आला. मी तो उलटा बघितला तरी मला वाचता आला. इतरांचे असे कितीतरी वाचलेत.

"एक मिनिट," पेनर साहेब म्हणाले. "विद्यार्थिनींना नोंदणी झालेल्या नर्सच्या देखरेखीशिवाय उपचार करता येत नाहीत. ड्यूटीवरची नर्स कोण?"

मी स्ट्रेचरवरून हात वर केला.

"आणि पेशंट?"

मी हात तसाच ठेवला.

त्यांनी थोडा विचार केला. "मग या क्षणी इमर्जन्सी उघडी धरायची की बंद?"

"साहेब, तुम्ही त्या कपाटाशेजारी उभे राहा बरं," टेसा म्हणाली आणि त्यांना ट्रॉलीनं तिकडे सरकवलं.

चाकांवरच्या व्हिडिओच्या पडद्यावर डॉक्टर इबे आले. आमचे डॉक्टर दूर रेजायनात बसतात आणि तिथूनच पेशंट बघतात. त्यांना समोर एल्मर दिसला, उघडाबंब, छाती चोळत, डोळ्यांत पाणी. "हे गृहस्थ फारच गंभीर दिसतायत," ते म्हणाले. ओडेटनं पडदा गर्रकन फिरवला. "डॉक्टर, ते नाटक आहे. खऱ्या या."

"किती दुखतंय? एक ते दहा?"

"दोन," मी म्हटलं.

"आठ धरा," ओडेट म्हणाली.

मला राग यायला हवा होता. पेशंटनं सांगितलेला आकडा बदलायचा नाही हे मीच त्यांना शिकवलंय. पण नऊ होते.

"अॅस्पिरिन देऊ?" ओडेटनं मला विचारलं. विचारलंच पाहिजे, नियम आहे. "दे," मी म्हटलं आणि तोंड उघडलं. इतक्या वर्षांत एवढ्या जवळून देखरेख मी कधी केली नव्हती. ड्रिप टेसानं लावली, पहिल्या फटक्यात. "व्हर्ना, बेशुद्ध होऊ नका," ती म्हणाली, "नाहीतर आम्हाला थांबावं लागेल." मी नियमासाठी जागी राहिले. खरं सांगायचं तर भीतीनं राहिले. छताचे पत्रे बघत होते आणि मनात एकच येत होतं, हे संध्याकाळी झालं असतं तर? दाराला कुलूप असतं.

अँब्युलन्समध्ये ओडेट सोबत होती. वाटभर मनगट धरून बसली. इथे हृदयाच्या दोन नळ्यांत जाळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं बरेच आठवडे सूचना देत असणार. तुम्ही नर्स आहात ना?

मी झोपेचं सोंग घेतलं.

३ एप्रिल

घरी. उन्हाळा संपेपर्यंत काम बंद, पुढेही बघू म्हणतात. म्हणजे टेसा आली तरी मी गेले. एल्मर फोनवर म्हणाला, "एक आली, एक गेली, म्हणजे आपण होतो तिथेच." पण टेसाही येत नाही. तिला कॅल्गरीत नोकरी मिळालीय, जानेवारीतच मिळाली होती. निरोप घ्यायला आली तेव्हा रडली. "सगळे इतकं प्रेमानं वागत होते की मला सांगवेना," म्हणाली. पक्की आमच्यातली झालीय. डेरिलनं मळणी मशीन कोठारात घातली.

दुपारी ओडेट माझं बीपी बघायला आली. लॉर्न कॉफी ठेवून गुरांकडे गेला. कॉलेजनं उरलेल्या दिवसांसाठी बाहेरगावच्या नर्सला तिच्यावर देखरेखीला ठेवलंय. मी विचारलं, पुढे काय.

"प्रिन्स अल्बर्टच्या हॉस्पिटलातून विचारणा आहे."

"इथलं काय?"

"इथं मला कुणी विचारलंच नाही."

मी आठवून बघितलं. इतके डबे, कर्लिंग, पुतण्या, आणि या मुलीला एका माणसानं, राहशील का, एवढंही विचारलं नव्हतं. मी धरून. मी तर तिला तुझ्यानं निभणार नाही म्हटलं होतं. ज्या मुलीनं माझा जीव वाचवला तिला.

"मी विचारते," मी म्हटलं. "राहशील का?"

"तुम्हाला टेसा हवी होती."

"हो."

"ती नाही म्हणून मी."

खोटं सांगायला तोंड उघडलं होतं. आमच्याकडे ते आपोआप येतं. "हो," मी म्हटलं. "आधी ती नाही म्हणूनच. पण आता दुसरं कारण आहे. मला भीती वाटते, ओडेट. संध्याकाळ झाली की घड्याळ बघते. आता दार बंद झालं असेल, आता काही झालं तर कुणी नाही. मला झालं तर, लॉर्नला झालं तर. या गावातला प्रत्येक जण हेच घेऊन बसलाय आणि तुम्हाला कोबीचे रोल खायला घालतोय. आम्हाला नर्स पाहिजे. आम्ही घाबरलोय."

असं वाक्य या स्वयंपाकघरात कुणी कधी बोललं नसेल. मला रडू आलं. येऊ दिलं.

ओडेटनं बीपीचा पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. "एक वर्ष," ती म्हणाली. "मग बघू. आणि एल्मरला सांगा, मला संघात घ्यायचं नाही."

१२ जून

कुलूप लागलं नाही. ओडेट सोमवारपासून कामावर आहे, पुढच्या महिन्यापासून आणखी एक येईल म्हणतात. येईलच असं नाही.

आज मला तपासणीला जायचं होतं. लॉर्ननं ट्रकमधून नेलं. हॉस्पिटलाच्या दारात बघते तर रांग. पायऱ्यांवरून खाली, अँब्युलन्सच्या पुढपर्यंत. मला वाटलं अपघात झाला कुठे. तसं काही नव्हतं. सगळे आपापल्या पायांवर उभे, हातात टोपी, खाली बघत. फ्रीडा म्हणाली, "या खेपेला खरं आणलंय. खडे नाहीयेत. नंतर सांगते." तिच्या मागे दोन्ही हर्निया होते. वॉल्टरच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तो दुसऱ्याच कशासाठी आला होता आणि कशासाठी ते चारचौघांत सांगायला तयार होता, मीच नको म्हटलं. एल्मर पाय दाखवायला आला होता, त्यानं पेनर साहेबांना फोन केल्याचं सांगितलं. एवढे पेशंट बघून खात्याचं मत झालंय की ब्रेक्टनला एक नाही, तीन नर्स कमी आहेत. एल्मर छाती फुगवून म्हणाला, "तीन!" जणू कप जिंकलाय. कॉलेजकडे आणखी मुली मागितल्यात. खुर्चीत बसून शिकवायला मला बोलावतील, चालेल का, विचारतात. चालेल म्हटलं.

मी रांगेत उभी राहिले. हृदयाची पेशंट म्हणून मला पुढे सोडायला सगळे तयार होते, मी गेले नाही. लॉर्न गाडी लावून आला आणि माझ्या मागे थांबला.

"तू ट्रकमध्ये बस ना," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"मला पण दाखवायचंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस एकदाही डॉक्टरकडे गेला नाही. काय लपवलंय यानं? मी नर्स, एका ताटात जेवतो आम्ही, आणि मला दिसलं नाही. "काय होतंय तुला?" मी विचारलं. त्यानं नुसती मान हलवली, तिलाच सांगतो म्हणाला.

आमचा नंबर आला. ओडेटनं मला सोडून आधी त्याच्याकडे बघितलं. खुर्ची ओढली, बसली आणि थांबून राहिली. लॉर्ननं टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. दार उघडंच होतं, बाहेरच्यांना सगळं ऐकू जात होतं.

"झोप लागत नाही," तो म्हणाला. "मार्चपासून. हिचा श्वास चालू आहे का ते बघत बसतो."

मी त्याचा हात धरला. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. उद्या गावभर होईल. होऊ दे.